उजनी किती टक्के ते पाठ आहे. आपल्या विहिरीचं पाणी किती खाली?

सोलापूर जिल्ह्यात पावसाळा लागला की पारावर, एसटीत, अडतीवर एकच विचारणा असते: उजनी किती? प्लसमध्ये आली का? धरणाची एकूण क्षमता ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, जो टक्क्यांत धरत नाहीत, म्हणून पाणी भरपूर दिसत असतानाही धरण 'मायनस'मध्ये असू शकतं, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण त्याच पारावर कुणी विचारलं की आज तुमच्या विहिरीचं पाणी काठापासून किती खाली आहे आणि गेल्या वर्षी याच तारखेला किती होतं, तर उत्तर येतं, 'बरं आहे औंदा' किंवा 'कमीच वाटतंय'.

सांगोला, मंगळवेढा, बार्शी, करमाळ्याच्या ज्या गावांना कालवा नाही, तिथे पीक ठरतं ते विहीर-बोअरच्या पाण्यावर. हे पाणी कुणाला दिसत नाही आणि सगळे एकाच वेळी उपसतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभर निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. काम शिस्तीचं आहे, पण एका पाणलोटाला सरासरी दोन-तीन विहिरी येतात. जिल्ह्याचा टंचाई आराखडा त्यावर उभा राहतो; तुमच्या शिवारात यंदा ऊस लावावा की ज्वारी पेरावी, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी गावाने स्वतः मोजावं लागतं.

मोजायचं ते अहवालासाठी नाही. सोलापूरचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात, परतीच्या पावसात. रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. पूर्वहंगामी उसाची लागण ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे वर्षाच्या पाण्याचा निकाल आणि वर्षाच्या पिकाचा निर्णय दोन्ही त्याच तीन-चार आठवड्यांत येतात. विहिरींचे आकडे दसरा-कोजागरीच्या आत भिंतीवर लागले तर उपयोग. डिसेंबरात छान छापील तक्ता आला तरी तोवर कांडी जमिनीत गेलेली असते.

विहिरी कोणत्या घ्यायच्या

हजार हेक्टरच्या, म्हणजे अडीच हजार एकरांच्या शिवाराला आठ-दहा विहिरी पुरतात. माथ्यावरच्या दोन-तीन, मधल्या टप्प्यातल्या तीन-चार, ओढ्याकडच्या खालच्या दोन-तीन. गावाच्या नळयोजनेची विहीर त्यात हवीच. सगळ्या विहिरी खालच्या अंगाच्या घेतल्या तर गाव कागदावर कायम सुखी दिसतं. बंधाऱ्याला चिकटलेली विहीरही फसवते, कारण ती शिवाराचं पाणी दाखवत नाही, बंधाऱ्याचं दाखवते. कालव्याजवळच्या गावांनी आवर्तन कधी सुटलं आणि कधी बंद झालं त्या तारखा वहीत लिहाव्यात. नाहीतर जानेवारीत पातळी चढलेली पाहून पाणलोटाच्या कामाचा सत्कार व्हायचा.

बोअर शक्यतो या यादीत घेऊ नयेत. तोंडावर टोपण, आत मोटरीचा पाइप, केबल आणि दोर. टेप सोडली की अडकते. शिवाय खोल बोअर वेगळ्याच थरातलं पाणी पितं. आपल्याकडे वर माती, खाली मुरूम, मग काळा पाषाण, मध्येच गेरूसारखा तांबडा थर, पुन्हा पाषाण अशी रचना असते. चाळीस फुटांच्या विहिरीचं आणि पाचशे फुटांच्या बोअरचं पाणी एकमेकांशी नातं सांगेलच असं नाही. दोन्हींची सरासरी काढणं म्हणजे दोन वेगवेगळ्या घरांचा हिशेब एका वहीत लिहिणं. मोजायचंच तर बंद पडलेलं, मोकळं बोअर घ्यावं, तारेच्या टोकाला पाणी लागलं की आवाज करणारं पातळीमापक वापरावं आणि त्याचा तक्ता वेगळा ठेवावा.

खूण, टेप आणि वेळ

विहिरीच्या काठावर एक जागा पक्की करून तिथे लाल ऑइलपेंटने बाण काढायचा. दरवेळी टेप त्याच बाणावरून सोडायची. दगडी काठ सगळीकडे सारखा नसतो. इकडून मोजलं आणि तिकडून मोजलं यात वीतभर फरक सहज पडतो. कठड्याची जमिनीपासूनची उंची एकदाच मोजून ठेवायची आणि प्रत्येक नोंदीतून वजा करायची. बाणापासून पाणी ७.८५ मीटर, कठडा ०.७० मीटर, तर जमिनीपासून पाणी ७.१५ मीटर खाली.

टेप तीस मीटरची, फायबरची. कापडी टेप ओली झाली की ताणते. टोकाला अर्धा किलोचं वजन बांधायचं, मोठा नट चालतो. इथे हमखास होणारी चूक अशी: वजन टेपच्या शून्याच्या खाली लोंबतं. वजनाचं बूड शून्यापासून बारा सेंटीमीटर खाली असेल आणि बूड पाण्याला टेकल्याबरोबर आकडा वाचला, तर त्यात बारा सेंटीमीटर मिळवायला हवेत. एकाने मिळवले, दुसऱ्याने नाही, की तक्त्यात विहीर उगाच खालीवर होते. त्यापेक्षा सोपी रीत म्हणजे टेपच्या पहिल्या मीटरभर भागाला खडू फासायचा, टेप थोडी पाण्यात जाऊ द्यायची आणि बाणाजवळ पूर्ण आकडा धरायचा, समजा ८ मीटर. वर ओढल्यावर खडू जिथवर भिजला तो आकडा वाचायचा, समजा ०.१५. आठातून तो वजा केला की ७.८५. अंधाऱ्या, खोल विहिरीत वजन पाण्याला टेकल्याचा आवाज ऐकू येत नाही, तिथे हीच रीत खात्रीची.

टेपपेक्षाही जास्त घोळ वेळेचा होतो. मोटर चालू असताना किंवा नुकतीच बंद झाल्यावर मोजलेली पातळी ही विहिरीची भूक असते, जमिनीतलं पाणी नव्हे. किमान बारा तास उपसा बंद हवा. पण शेतीच्या फिडरची लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. 'सकाळी सातला मोजायचं' असा नियम केला आणि त्या दिवशी लाईट रात्रीची असेल, तर विहीर पहाटेपर्यंत उपसलेली असते. म्हणून नियम घड्याळाचा नको, लाईटचा हवा: लाईट येण्याच्या अगदी आधी मोजायचं. दिवसाची लाईट असेल तर सकाळी, रात्रीची असेल तर संध्याकाळी. महिन्याच्या १ आणि १५ तारखेला, एक दिवस मागेपुढे. नोंदीशेजारी 'मोटर किती तास बंद होती' हा रकाना हवाच.

याच मोजणीतून आणखी एक उपयोगी आकडा फुकट मिळतो. विहिरीचा व्यास आठ मीटर असेल तर एक मीटर पाणी म्हणजे सुमारे पन्नास हजार लिटर, एक फूट म्हणजे पंधरा हजार. मोटर बंद केली तेव्हाची पातळी आणि बारा तासांनंतरची पातळी, दोन्ही लिहा. मधे १.२ मीटर पाणी चढलं तर झऱ्यांनी बारा तासांत साठ हजार लिटर दिलं, तासाला पाच हजार. तासाला तीस हजार लिटर ओढणारी मोटर हे पाणी दोन तासांत संपवते. फेब्रुवारीत हाच चढ निम्म्यावर आला, तर जास्त एचपीची मोटर बसवून काही हाती लागत नाही. विहीर लवकर कोरडी पडते, एवढंच.

पाऊस मोजताना

प्रत्येक महसूल मंडळात महावेधचं स्वयंचलित हवामान केंद्र आहे, पण आपला पाऊस बैलाचं एक शिंग भिजवणारा. मंडळाच्या गावात चाळीस मिलिमीटर आणि तुमच्या शिवारात चार, हे दर वर्षी घडतं. गावाचं स्वतःचं पर्जन्यमापक हवं. ते उघड्यावर, जवळच्या झाडा-भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर, तोंड सपाट. गच्चीवर ठेवू नये, वाऱ्याने पाऊस तिरका जातो. रोज सकाळी साडेआठला वाचायचं, पाऊस नसला तरी '०' लिहायचं. कोरा रकाना आणि शून्य यांत फरक आहे.

विकतचं नसेल तर सरळ भिंतींचा डबा चालतो. आत जितके मिलिमीटर पाणी, तितका पाऊस. नरसाळं लावलं तर हिशेब बदलतो. नरसाळ्याचं तोंड २० सेंटीमीटर आणि बाटली १० सेंटीमीटर व्यासाची असेल, तर क्षेत्रफळाचं प्रमाण चारपट. बाटलीत ४० मिलिमीटर दिसलं तर पाऊस १० मिलिमीटर. व्यास दुप्पट म्हणून दोनाने भागणारे बरेच भेटतात.

पर्जन्यमापक शाळेत बसवायची पद्धत चांगली आहे, पोरं मन लावून वाचतात. पण रविवारी शाळा बंद, सणाला बंद आणि परतीचा पाऊस कधीकधी थेट दिवाळीच्या सुट्टीत. सोमवारी वाचलेला आकडा दोन दिवसांचा असतो आणि वहीत तो एका दिवसाचा होतो. सुट्टीतला वाचणारा आधीच नेमून ठेवावा.

हिशेब: तीन मीटर चढलं म्हणजे किती पाणी?

विहिरीत पाणी तीन मीटर चढलं की वाटतं, शिवाराखाली तीन मीटर पाणी साठलं. पण विहीर ही पोकळ जागा. तिच्या आजूबाजूला खडक आहे आणि पाणी आहे ते खडकाच्या भेगांत, भोकांत, मुरमात. झिजलेल्या किंवा सच्छिद्र बसाल्टमधून उपसून मिळणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण दोन टक्के धरतात. जागेनुसार एक ते तीन. म्हणजे पातळी एक मीटर चढली तर हाती आलेलं पाणी फक्त दोन सेंटीमीटर जाडीचं. उलटही तेवढंच खरं: दोन सेंटीमीटर पाणी उपसलं की पातळी मीटरभर खाली जाते. गाळाच्या प्रदेशातल्या वाळूत हा आकडा कितीतरी मोठा असतो. आपलं भूजल इतक्या झपाट्याने चढतं आणि तितक्याच झपाट्याने का उतरतं, ते या दोन टक्क्यांत आहे.

एका नमुन्याच्या गावाचा हिशेब करू. शिवार हजार हेक्टर, पाऊस ५०० मिलिमीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर, तेव्हा गावावर पडलं ५०० कोटी लिटर. मेअखेरीस विहिरींची सरासरी पातळी ९.४ मीटर खाली, सप्टेंबरअखेरीस ६.४ मीटर. चढ तीन मीटर. हजार हेक्टर × ३ मीटर × २ टक्के = ६ लाख घनमीटर, म्हणजे ६० कोटी लिटर. पडलेल्या पावसाच्या आठव्या हिश्शाहूनही कमी; बाकीचं वाहिलं, उडालं आणि खरिपाने प्यालं.

या ६० कोटींतलं दहा टक्के ओढ्यात आपसूक पाझरेल, ते सोडायचं. राहिलं ५४. दोन हजार माणसांना माणशी ५५ लिटरने वर्षाचं चार कोटी. पाचशे मोठ्या जनावरांना रोजचं साठ लिटर धरलं तर सव्वा कोटीच्या आत. शेतीला उरलं सुमारे ४९ कोटी लिटर.

पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी दोन कोटी लिटरच्या घरात पाणी लागतं. ४९ कोटींत ऊस बसतो साडेचोवीस हेक्टर, म्हणजे साठ एकर. अडीच हजार एकरांच्या गावात साठ एकर! त्याच पाण्यात रब्बी ज्वारीला ७५ मिलिमीटरच्या दोन संरक्षित पाळ्या द्यायच्या तर हेक्टरी पंधरा लाख लिटर. ज्वारी बसते सव्वातीनशे हेक्टर, आठशे एकर. ठिबकने उसाचं पाणी वाचतं खरं, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर लावले की विहिरीला काहीच वाचल्याचं कळत नाही.

दोन टक्क्यांचा आकडा अंदाजाचा आहे, शिवारात सगळीकडे खडक सारखा नाही, म्हणून ४९ चे ४० किंवा ५८ होऊ शकतात. पण गावात दोनशे एकर ऊस उभा असेल तर कोणताही आकडा घ्या, एप्रिलमध्ये काय होणार ते ऑक्टोबरातच कळतं.

या हिशेबात शेततळीही धरायला हवीत. विहीर-बोअरचं पाणी उपसून प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यात भरून ठेवणं डाळिंब-द्राक्ष बागायतदाराला सोयीचं असतं, पण ते पाणी उन्हात उघडं पडतं. उन्हाळ्यात दिवसाला आठ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तरी ३० × ३० मीटरच्या तळ्यातून रोज ७,२०० लिटर उडतं. तीन महिन्यांत साडेसहा लाख लिटर: दोन एकर ज्वारीची एक पाळी, नुसती हवेत.

वही कुणाची, भिंत कुणाची

तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशात सात दुष्काळी जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी असंच मोजमाप वर्षानुवर्षं केलं: पाऊस रोज, विहिरी पंधरवड्याने आणि रब्बीच्या तोंडावर गावसभेत पिकांच्या पाण्याचा हिशेब. कुणावर पीकबंदी नव्हती, अनुदानही नव्हतं. आकडे समोर आले आणि बऱ्याच जणांनी आपापला भात कमी केला. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पीक ठरवायची रीत पाडली. पार नामिबियात वन्यजीव सांभाळणाऱ्या गावसंस्था आपली निरीक्षणं रंगांच्या वह्यांत ठेवतात: रोजची पिवळी, गोषवाऱ्याची निळी, वर्षानुवर्षांची लाल. त्यांचा एक नियम उचलण्यासारखा आहे. काय मोजायचं ते गाव ठरवतं आणि मूळ वही गावाबाहेर जात नाही. कुणाला हवी असेल त्याने नक्कल न्यावी.

आपल्याकडे नेमकं उलटं होतं. योजना येते, फलक लागतो, वही तालुक्याला जाते आणि योजना संपली की मोजणीही संपते. केंद्राच्या अटल भूजल योजनेत सोलापूरसह राज्यातले तेरा जिल्हे होते. तिथल्या गावांत पर्जन्यमापक आणि पातळी मोजायची साधनं पोचली, जलसुरक्षा आराखडे झाले. यंत्र आजही चालतं का, याआधी विचारावं: शेवटची नोंद कोणत्या तारखेची?

भिंतीवरच्या तक्त्यात विहिरींना क्रमांक देऊ नयेत. 'वडाची विहीर', 'खालच्या मळ्याची', 'नळाची' असं लिहिलं की लोक वाचतात. आलेख उलटा काढायचा: वर जमीन, खाली पाणी. यंदाची रेघ निळी, गेल्या वर्षीची लाल. वहीत मीटर, बोलताना फूट चालेल; पण वहीत कुणी '१४' नुसतंच लिहिलं तर तो आकडा फुकट.

घरी बसून भरलेली वही ओळखता येते. सगळे आकडे ० किंवा ५ वर संपतात, पातळी दर पंधरवड्याला अगदी सारखी उतरते आणि एकही रकाना रिकामा नसतो. खऱ्या वहीत 'कुलूप होतं', 'मोटर चालू होती', 'मोजलं नाही' असे शेरे असतातच. दर दहा नोंदींतली एक दुसऱ्याने त्याच दिवशी पुन्हा मोजावी; दोन सेंटीमीटरच्या आत जुळली तर ठीक. मोजणाऱ्याला मानधन नसेल तर दोघांत काम वाटावं, आणि त्यात एक बाई असावी, कारण पाणी आटल्याची पहिली खबर हंड्याला लागते.

मालक टेप लावू देत नाहीत, अशी तक्रार येते. भीती खोटी नाही: आज मोजतात, उद्या मोटरीला मीटर लावतील. म्हणून सुरुवातीलाच ग्रामसभेत ठरवावं की तक्त्यावर पातळी येईल, कुणाचा उपसा येणार नाही. मात्र नळाच्या विहिरीची नोंद चोख ठेवण्यात सगळ्यांचाच फायदा. राज्याच्या भूजल कायद्यानुसार सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर-बोअर घेता येत नाही. शेजारी बोअर पडल्यावर पातळी कशी कोसळली हे तारीखवार दाखवता आलं, तर तहसीलमधल्या अर्जाला वजन येतं.

पाण्याच्या गुणवत्तेचं मोजमाप वेगळं आणि त्याला जास्त शिकवण लागते. तरी दोन गोष्टी कुणालाही जमतात. नळाच्या शेवटच्या घरी ओटी टेस्ट: थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन तिथवर पोचतोय, नाही झालं तर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) कमी पडतंय किंवा पिंप उघडं राहून पावडरच मेलीय. दुसरी, जीवाणू तपासायची तयार (एच२एस) बाटली: तिच्यात पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसांत काळं पडलं तर ते प्यायचं नाही. नायट्रेट आणि फ्लोराइडसाठी नमुना प्रयोगशाळेतच द्यावा. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. नमुना टाकीचा नको, स्रोताचा.

मे महिन्याची शेवटची नोंद सगळ्यांत महत्त्वाची, कारण पुढच्या वर्षीचा चढ तिथून मोजायचा असतो. विहीर कोरडी असेल तर 'कोरडी' लिहून तळ किती खोल तेही लिहायचं. गाळ काढला तर तळ बदलतो. त्याच फेरीत पुसट झालेले बाण पुन्हा रंगवून घ्यायचे. कुणी कठडा नवा बांधला असेल, तर नवी खूण जुन्या खुणेपेक्षा किती वर गेली ते वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहायचं, मृगाचा पाऊस पडायच्या आत.